पन्नास हर्ट्झचं गाव

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट, पुढे ती १६० वर आणली गेली. शेजारच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ च्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. याच दोघींसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. १६० कुठे आणि ५४० कुठे! तिपटीहून जास्त फरक. पण या सगळ्यांची वीज ज्या जाळ्यात जाते त्याची वारंवारता एकच, ५० हर्ट्झ. सेकंदाला पन्नास आवर्तनं. लहान भट्टीची पन्नास आणि मोठीचीही पन्नासच. हर्ट्झचा आकडा वाचून कोणती भट्टी किती वीज देते हे सांगता येत नाही. केंद्रात नोकरी केलेला कुणीही हे झोपेतून उठवलं तरी सांगेल.

मग तारापूरशेजारच्या आमच्या बोईसरात कॉम्प्युटरच्या दुकानाची पायरी चढलो की आपण पहिला प्रश्न हर्ट्झचाच का विचारतो?

"किती गिगाहर्ट्झचा आहे?" उत्तर जितकं मोठं तितका आपला हात खिशाकडे लवकर जातो. या एका आकड्यापायी आमच्या गावात घामाचे पैसे चुकीच्या यंत्रावर जात आहेत. मला ते बघवत नाही, म्हणून हा आठवडा त्याच विषयाला.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात लूम फिटर आहेत. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकत टाकत त्यांनी तिच्यासाठी लॅपटॉप घेतला. वापरलेला, साफसूफ करून पुन्हा विकायला ठेवलेला, २४ हजारांचा. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी होते, किमतीत फारसा फरक नाही. एकावर लिहिलेलं, आय सेव्हन, २.७ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यावर आय फाइव्ह, १.६ गिगाहर्ट्झ. सात हे पाचापेक्षा मोठे, २.७ हे १.६ पेक्षा मोठे. दोन्हीकडून कौल एकच. बापाने मोठा आकडा घेतला. त्यांच्या जागी कुणीही असता तरी तोच घेतला असता. विकणाऱ्याने "हा हेवी आहे" यापलीकडे काही सांगितलं नाही.

महिन्याभराने मुलगी लॅपटॉप घेऊन वर आली. "काका, कॉलेजचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं की सगळं अडकतं. आणि विंडोज अकरा टाकायला गेले तर हा कॉम्प्युटर चालणार नाही म्हणतो."

तिच्या मोबाइलमध्ये दुकानात काढलेले दोन्ही लॅपटॉपचे फोटो होते. मी नंबर वाचले. घेतलेला होता आय सेव्हन ७५०० यू, २०१६ सालचा. नाकारलेला होता आय फाइव्ह ८२५० यू, २०१७ सालचा. मला वाईट वाटलं, कारण हे दोन नंबर शेजारी ठेवले की सगळी भूल एका ओळीत उघडी पडते. त्या आय सेव्हनमध्ये काम करणारे हात, म्हणजे कोअर, दोन आहेत. आय फाइव्हमध्ये चार. दोघेही पंधरा वॅटच्या मर्यादेत काम करणारे. आणि तो १.६ चा आकडा म्हणजे चारही कोअर एकदम कामाला लागले तरी त्या पंधरा वॅटमध्ये राखण्याची हमी, किमान पायाभूत वेग. काम हलकं असेल तेव्हा तोच प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. २.७ वाला चढतो ३.५ पर्यंत. म्हणजे धावायची वेळ आली की दोघांत ०.१ चा फरक, आणि ओझं वाहायची वेळ आली की एकाकडे हात दुप्पट. ओझं वाहणारा कोणता, तर ज्याच्यावर लहान आकडा छापलेला होता तो.

विंडोजची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मागितलेला किमान वेग किती? फक्त १ गिगाहर्ट्झ. वेगाची अट इतकी कमी, पण प्रोसेसर त्यांच्या मान्य यादीत हवा, आणि इंटेलची ती यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. टेबलावर ठेवायच्या मोठ्या कॉम्प्युटरमधला सातव्या पिढीचा आय सेव्हन ७७०० के हा ४.२ गिगाहर्ट्झचा. तोही यादीबाहेर. ४.२ वाला बाहेर आणि १.६ वाला आत. ज्यांनी विंडोज बनवली तेच गिगाहर्ट्झला इतकीच किंमत देतात.

संध्याकाळी पहिली पाळी करून आलेले फिटरभाऊ चहाला बसले. मला त्यांना आर्किटेक्चर वगैरे काही सांगायचं नव्हतं. मी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त स्पीडचा माग कोणता?"

"सहाशे आरपीएमचा आहे. अरुंद पन्ह्याचा."

"आणि रुंद पन्ह्याचा?"

"तो चारशेवर चालतो."

"मग सहाशेवाला जास्त कापड काढत असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "स्पीडवर काय जाता भाऊ? मीटर किती निघाले ते बघायचं."

मग त्यांनीच मला हिशेब मांडून दाखवला. आरपीएम म्हणजे मिनिटाला बाण्याचा धागा किती वेळा आडवा टाकला. पन्हा म्हणजे एका वेळी तो धागा किती लांब पडला. सहाशे फेऱ्या आणि १.९ मीटर पन्हा, म्हणजे मिनिटाला ११४० मीटर धागा. चारशे फेऱ्या आणि ३.४ मीटर पन्हा, म्हणजे १३६० मीटर. हे झालं कागदावर. त्यात धागा तुटतो. माग जितका जोरात, ताण तितका जास्त, तुटणं तितकं जास्त. तुटला की माग उभा. सहाशेवाला शंभरातली ऐंशी मिनिटं चालला तर हाती आले ९१२. चारशेवाला नव्वद चालला तर १२२४. शिवाय ताण्याच्या धाग्यांचं बीम संपलं आणि नवं वेळेवर आलं नाही तर कुठलाच आरपीएम कामाचा नाही, फिटर आणि कामगार हात बांधून उभे.

प्रोसेसरचं सगळं शास्त्र त्या माणसाने चहा संपायच्या आत सांगितलं. गिगाहर्ट्झ म्हणजे आरपीएम. एका टिकटिकीला प्रोसेसर किती सूचना पार पाडतो तो त्याचा पन्हा, आणि हा पन्हा एकंदरीत रुंदावत आलेला आहे. प्रोसेसरने पुढचं काम अंदाजाने हाती घेतलं आणि अंदाज चुकला, की हातातलं टाकून पुन्हा सुरुवात, तो तुटलेला धागा. आणि बीमची वाट बघणं म्हणजे मेमरीची आणि डिस्कची वाट बघणं. मी लॅपटॉपचे दोन्ही नंबर त्यांच्यासमोर ठेवले. त्यांना पुढे काही समजावावं लागलं नाही. बराच वेळ ते बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "कारखान्यात मी हे दुसऱ्याला शिकवतो."

माझा राग इथे आहे. या गावातल्या माणसाला हे कळत नाही असं नाही. त्याला ते रोज आठ तास कळतं. दुकानाच्या काचेवर मात्र त्याच्या ओळखीच्या भाषेत कुणी ते लिहीत नाही.

ही भूल नवी नाही, आणि ती पसरवण्यात खुद्द बनवणाऱ्यांचा हात आहे. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम फोर आणला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. त्याआधीचा पेंटियम थ्री १ गिगाहर्ट्झवर पोचलेला होता. नवा आकडा दीडपट, पण काही कामांत जुना थ्री नव्या फोरच्या बरोबरीने चालला, काहींत पुढेही गेला. कारण आकडा वाढवण्यासाठी एका सूचनेचं काम वीस लहान टप्प्यांत तोडलेलं होतं, पूर्वी ते दहाएक टप्प्यांचं होतं. टप्पा लहान, म्हणून टिकटिक जलद. पण अंदाज चुकला की वीस टप्प्यांची रांग रिकामी करायची. २००४ मध्ये टप्पे एकतीसवर नेले. आकडा वाढला, उष्णता त्याहून वाढली, आणि जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. दोन वर्षांनी, जुलै २००६ मध्ये, कोअर टू ड्युओ आला. २.४ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ३.७ च्या घरातल्या पेंटियमांना मागे टाकत होता. इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने तर २००१ मध्येच हात टेकले होते. १.५३ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉनवर त्यांनी नाव घातलं १८००+, कारण खरा आकडा छापला तर गिऱ्हाईक वळून बघत नव्हतं. चांगल्या मालाला खोटा वाटावा असा बिल्ला लावावा लागला, तो आपल्या या एका प्रश्नामुळे.

बिल्ल्यांचा गोंधळ आजही आहे, फक्त रूप बदललंय. "आय सेव्हन" हे प्रोसेसरचं नाव नाही, ते दुकानातल्या फळीचं नाव आहे. वर्षानुवर्षं त्या फळीवर नवा माल येत गेला. २०२२ च्या आय थ्री १२१५ यू मध्ये सहा कोअर आहेत आणि आमच्या शेजाऱ्यांचा २०१६ चा आय सेव्हन त्याच्या जवळपासही पोचत नाही. खालच्या फळीवरचा नवा माल वरच्या फळीवरच्या जुन्याला हरवतो. म्हणून आय नंतरचा शब्द सोडा आणि पुढचे आकडे वाचा. ७५०० मधला सात म्हणजे सातवी पिढी, ८२५० मधला आठ म्हणजे आठवी, १२१५ मधले बारा म्हणजे बारावी. एएमडीच्या एका मालिकेत तर जास्तच डोळे उघडे ठेवावे लागतात. रायझन फाइव्ह ७५२० यू आणि रायझन फाइव्ह ७५३० यू, दिसायला सख्खे भाऊ. पण त्यातला तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो, आणि ७५२० मधली रचना २०१९ ची आहे. सात हजाराचा आकडा बघून नवा समजून घेणाऱ्याचा त्यात काय दोष?

आता वाट बघण्याबद्दल, कारण आमच्याकडच्या निम्म्या "स्लो" कॉम्प्युटरांचं दुखणं प्रोसेसरमध्ये नसतंच. जुन्या लॅपटॉपात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती तबकडीवर नेमकी पलीकडे असेल तर ती खाली येईपर्यंत २.७ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर कोट्यवधी टिकटिका नुसता थांबतो. पूर्ण फेरीत त्या ३ कोटी होतात. तीन कोटी वेळा माग तयार, आणि बीम नाही. त्या जागी एसएसडी बसवली की मिलिसेकंदांची वाट मिलिसेकंदाच्या लहानशा भागावर येते. ज्यांच्याकडे दहा वर्षांचा कॉम्प्युटर आहे आणि काम टॅलीचं, एक्सेलचं, जीएसटी भरण्याचं आहे, त्यांनी प्रोसेसर बदलण्याआधी हे करावं. रॅमचंही तेच. ती अपुरी पडली की कॉम्प्युटर डिस्कलाच रॅम समजून वापरतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. साध्या कामाला ८ जीबी, शिकणाऱ्या मुलांना जमलं तर १६. गिगाहर्ट्झसाठी मोजायचे दोन हजार इथे मोजा.

स्वतः बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर किती, आणि त्या क्षणी चाललेला खरा वेग, सगळं तिथे आहे. तो वेग सतत खालीवर होताना दिसेल, काचेवरच्या आकड्यासारखा एका जागी बसलेला नसेल. कॉम्प्युटर अडकलेला असताना हे उघडून बघा. डिस्कपुढे शंभर टक्के आणि प्रोसेसरपुढे दहा टक्के दिसले तर नवा प्रोसेसर घ्यायला निघालेल्या माणसाला दारातच थांबवा.

मे महिन्यात आमच्याकडे घाम सुकत नाही. पत्र्याखालच्या खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप, खालची हवेची भोकं चादरीने बंद. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. डब्यावर छापलेला "अमुक गिगाहर्ट्झपर्यंत" हा आकडा थंड हवेतला आणि थोड्या वेळापुरता असतो. त्यातला "पर्यंत" हा शब्द मोठ्याने वाचायची सवय लावून घ्या.

कोअरबद्दल मात्र एक खबरदारी. कोअर जास्त म्हणजे काम तितक्या पटीने जलद, असंही नाही. तारापूरच्या केमिकलवाल्यांना हे सांगायला नको. बॅच रिॲक्टरमध्ये आठ तास ठेवायची असेल तर ती आठ तासच राहणार, पाळीवर चार माणसं असोत की चौदा. ड्रम भरायचे असतील तेव्हा मात्र चौदा माणसं लवकर मोकळी होतात. कामात बॅचचा भाग किती आणि ड्रमचा किती, हे आधी बघायचं. व्हिडिओ तयार करणं, त्रिमितीय चित्रं रंगवून काढणं, हे ड्रम भरण्याचं काम. ऑटोकॅडमध्ये फॅब्रिकेशनची ड्रॉइंग काढणाऱ्याचं काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं, तिथे सोळा कोअर घेऊन उपयोग नाही. त्याला एका कोअरची ताकद हवी, आणि एकाच पिढीच्या, एकाच घराण्याच्या दोन प्रोसेसरांत निवड असेल तर गिगाहर्ट्झ त्याच्या उपयोगी पडतो. आकडा खोटा नाही. दोन वेगळ्या मागांचा आरपीएम ताडून बघणं चुकीचं, एकाच मागाचा बघायला हरकत नाही.

हात वाढवून काम वाढवायचं हे आपल्याच राज्यात, मोठ्या प्रमाणावर, करून दाखवलेलं आहे. पुण्याच्या सी-डॅकने, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. एकच महाकाय प्रोसेसर मिळवण्याच्या मागे न लागता लहान प्रोसेसर जाळ्यात गुंफून. त्याच सुमारास तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम याच वाटेने तयार झाला. ते काम वाटून घेता येण्यासारखं होतं, म्हणून जमलं.

मला दुकानदारांकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती फुकट आहे. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहा. "आय सेव्हन लॅपटॉप, नग १" हे बिल नाही. वापरलेला माल विकताना तर नंबर, रॅम, डिस्कचा प्रकार आणि वॉरंटी, चारही गोष्टी हव्यात. गिऱ्हाइकांनीही "बिल नको, थोडे कमी करा" म्हणणं थांबवावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि जुना माल नवा म्हणून खपवणंही. जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभं राहायची वेळ आली तर हातात लागतो तो कागद. आणि कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळी मुलांना लॅपटॉप सुचवताना "आय फाइव्ह किंवा त्याहून वरचा" असं लिहू नये. त्या एका ओळीवर बोईसरच्या, पालघरच्या, मनोरच्या घरांतले हजारो रुपये हलतात. पिढी लिहा, रॅम लिहा, एसएसडी लिहा.

फिटरभाऊ सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन त्याच दुकानात गेले, मीही सोबत होतो. नाकारलेला लॅपटॉप अजून तिथेच होता. कुणी घेतला नव्हता, त्यावर १.६ लिहिलेलं होतं. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग मुलीने दोन्ही यंत्रांवर तेच सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. तो जवळ येऊन बघत राहिला. दीड हजार वर घेऊन बदलून द्यायला तयार झाला. बिल लिहायला घेतलं तेव्हा फिटरभाऊंनी त्याचं पेन थांबवलं आणि एकेक आकडा सांगितला: "आठ, दोन, पाच, शून्य, यू." मग तो कागद घडी करून हजेरीच्या कार्डामागे ठेवला.